मुंबईच्या सेंट थॉमस चर्चचे पाद्री: यादी कुठून सुरू करायची आणि कशी लावायची?

दप्तरदार

फ्लोरा फाउंटनवरून हॉर्निमन सर्कलकडे जाताना डाव्या-उजव्या दुकानांच्या गर्दीत सेंट थॉमस कॅथीड्रल लागतं. कोटाच्या ज्या दरवाजातून या चर्चकडे जायचे तो चर्चगेट. तट पडला, दरवाजा गेला, नाव स्टेशनाला उरलं. इमारतीवर आणि आतल्या संगमरवरी स्मारकांवर पुष्कळ लिहून झालंय. हा धागा फक्त तिथे सेवा केलेल्या पाद्र्यांसाठी आहे.

ठळक सनावळी अशी:

१६६८: मुंबई इंग्लंडच्या राजाकडून ईस्ट इंडिया कंपनीकडे. चर्च नाही, उपासना किल्ल्यातल्या एका खोलीत.
१६६९ ते १६७७: गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर. चर्चची कल्पना त्याची. भिंती साधारण १५ फूट चढल्या आणि काम थांबलं. पुढे जवळजवळ ४० वर्षं त्या तशाच उभ्या होत्या.
१७१४: चॅप्लेन (कंपनीचा पगारी पाद्री) रिचर्ड कॉब मुंबईत. पुढच्याच वर्षी काम पुन्हा सुरू.
२५ डिसेंबर १७१८: चर्च उघडलं.
१८१६: कलकत्त्याचे बिशप मिडल्टन यांच्या हस्ते समर्पणविधी.
१८३७: मुंबई स्वतंत्र धर्मप्रांत, चर्चचं कॅथीड्रल झालं.
१९३०: इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने वेगळं.
१९७०: चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन.

आता प्रश्न. पहिल्या क्रमांकावर कोण? आणि 'कार्यकाळ' या रकान्यात नेमणुकीचं वर्ष लिहायचं, पोचल्याचं, की आणखी काही? जुन्या याद्या ताडून पाहिल्या की याच दोन जागी त्या एकमेकींशी भांडतात.

---

कोटाबाहेरचा

माझं मत सरळ आहे, यादी कॉबपासून. चर्चच नव्हतं तर चर्चचा पाद्री कुठला?

आणि कॉब नुसता पहिला नाही, चर्च उभं राहिलं तेच त्याच्या हट्टामुळे. १७१५ च्या जूनमध्ये त्याने व्यासपीठावरून चर्चसाठी पैशाची मागणी केली, मग वर्गणीची पत्रं कंपनीच्या वखारींना गेली. त्या वर्षाच्या अखेरीस चार्ल्स बून गव्हर्नर होऊन आला, त्याचा पाठिंबा मिळाला. ऑन्जियरच्या काळातली वर्गणी कुठे गेली याबद्दल कॅप्टन अलेक्झांडर हॅमिल्टनने नंतरचा गव्हर्नर सर जॉन चाइल्ड याच्यावर उघड आरोप केलेला आहे. हॅमिल्टन चाइल्डचा हाडवैरी, तेव्हा तो आरोप मिठाच्या खड्यासकट घ्यावा.

पायाभरणीचं वर्ष काही ठिकाणी १६७६ दिसतं, काही ठिकाणी १७१५. गोंधळ नको, पहिलं ऑन्जियरच्या कामाचं, दुसरं कॉबच्या.

मराठी वाचकांसाठी खास गोष्ट म्हणजे उद्घाटनाच्या दिवशी रामा कामाठी आपल्या जातभाईंसह आला होता आणि उपासना संपेपर्यंत ते सगळे मोठ्या दाराशी उभे राहून आत पाहत होते, असं खुद्द त्या समारंभाच्या वर्णनात आहे. वाळकेश्वरचं देऊळ बांधणारा हाच. पुढे कान्होजी आंग्र्यांशी संधान बांधल्याच्या आरोपावरून बूनच्याच सरकारने त्याला कैदेत टाकलं. पुराव्यातली पत्रं बनावट होती, हे नंतर निघालं.

---

तांबडी_शाई

कोटाबाहेरचा, असहमत. ॲंग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, पद्धतीत पॅरिश (एका पाद्र्याचा विभाग) म्हणजे माणसं आणि हद्द. विटा नंतर येतात. किल्ल्यातल्या खोलीत बाप्तिस्मे, लग्नं, दफनं होत होतीच, ती करणारा माणूस दीक्षित होता, पगारी होता. त्याला वगळायचं कशासाठी?

अडचण वेगळी आहे. १७१८ पूर्वीचे पाद्री 'चर्च'चे तर नव्हतेच, पण 'मुंबई'चेही नेहमी नव्हते. कंपनी चॅप्लेन नेमायची ती वखारीसाठी. १६८७ पर्यंत पश्चिम किनाऱ्याचं मुख्य ठाणं सुरत होतं. एकाच माणसाचं नाव सुरतेच्या आणि मुंबईच्या दोन्ही यादीत सापडतं ते यामुळे.

ठरलेला बळी म्हणजे जॉन ओव्हिंग्टन. १६८९ मध्ये 'बेंजामिन' जहाजावरून निघाला आणि १६९० च्या पावसाळ्याच्या तोंडावर मुंबईत उतरला. 'दोन पावसाळे म्हणजे माणसाचं आयुष्य' ही मुंबईबद्दलची म्हण त्याच्याच पुस्तकामुळे लोकांना ठाऊक झाली. त्याच्याबरोबर आलेल्या २४ उतारूंपैकी २० जण पावसाळा सरण्याआधी पुरले गेले, असं तो लिहितो. मुंबईच्या गव्हर्नरने राहण्याचा आग्रह केला, पण त्याने सुरत पत्करली. म्हणजे मुंबईवरचं त्याचं वर्णन कितीही गाजलेलं असलं तरी तो मुंबईचा चॅप्लेन नव्हे. तरी यादीत घुसतोच.

कंपनीला मिळालेली १६९८ ची सनदही लक्षात ठेवा. प्रत्येक किल्ल्याला आणि मोठ्या वखारीला एक पाद्री व एक शाळामास्तर, पाद्र्याने वर्षभरात पोर्तुगीज शिकायची, शिवाय तिथली देशी भाषा. ५०० टनांच्या वरच्या जहाजावर चॅप्लेन सक्तीचा. मग कंपनीने काय केलं? ४९९ टनांची जहाजं भाड्याने घ्यायला लागली. पगार वाचला!

माझा तोडगा असा की यादीचे दोन भाग करावेत. 'मुंबई किल्ल्याचे चॅप्लेन' १६६८ ते १७१८, आणि त्यापुढे 'चर्चचे'. कॉब दोन्हीकडे येईल, येऊ द्या.

---

नोंदवही

कुठून सुरू करायची यावर वाद घाला, पण कार्यकाळाचा रकाना आधी नीट बांधा. सगळ्या चुका तिथे होतात.

एका पाद्र्याच्या एका नेमणुकीला किमान पाच तारखा असतात. लंडनमध्ये नेमणूक झाली ती. जहाज सुटलं ती. मुंबईत उतरला ती. रजिस्टरातली पहिली सही. रजिस्टरातली शेवटची सही. पहिली आणि तिसरी यांत सहा-आठ महिन्यांचं अंतर सहज पडतं. वाटेत मेला तर पहिली तारीख आहे आणि बाकी काहीच नाही, तरी छापील यादीत तो 'होऊन गेलेला' असतो.

म्हणून कणा पहिल्या आणि शेवटच्या सहीचा ठेवा. नेमणूक, आगमन, राजीनामा, मृत्यू हे शेजारी वेगळ्या रकान्यांत.

सह्या पाहण्याची जागा ब्रिटिश लायब्ररी, इंडिया ऑफिसचं दप्तर, 'एन' वर्ग. एन/१ बंगाल, एन/२ मद्रास, एन/३ मुंबई. मुंबईचे खंड १७०९ पासून १९४८ पर्यंत आहेत. बाप्तिस्मा, विवाह, दफन. बराचसा भाग ऑनलाइन पाहता येतो. १७०९ च्या आधीचं कंपनीच्या पत्रव्यवहारातून आणि पगारपत्रकांतून काढावं लागतं.

इथे मोठा खड्डा आहे. एन/३ मधली पानं ही मूळ रजिस्टरं नव्हेत, लंडनला पाठवलेल्या नकला आहेत. कारकुनाने एका बैठकीत वर्षाच्या नोंदी उतरवल्या आणि खाली जो पाद्री त्या दिवशी हजर होता त्याने 'खरी नक्कल' म्हणून सही केली. ही सही धरली तर जानेवारीत मेलेल्या माणसाची सगळी कामं डिसेंबरात आलेल्याच्या खात्यावर जातात. नोंदीच्या ओळीतलं 'विधी करणारा' हे नाव घ्या, पानाच्या तळची सही घेऊ नका. नकलेत तो रकाना गाळलेला असेल तर त्या वर्षापुढे 'फक्त प्रमाणित करणारा' असं स्पष्ट लिहा.

आणि सबंध कार्यकाळासाठी एकच रजिस्टर पाहू नका. मुंबईत दफनं जितकी, तितके बाप्तिस्मे नव्हते. नवा माणूस उतरला की त्याचं नाव बहुधा आधी दफनाच्या पानावर येतं.

---

शनिवारपेठ

तारखांचं एक राहिलं. १७५२ पर्यंत इंग्रजांचं सरकारी वर्ष २५ मार्चला बदलायचं. १ जानेवारी ते २४ मार्चच्या नोंदी आपल्या हिशेबाने एक वर्ष मागे दिसतात.

उदाहरणाला म्हणून समजा, 'नव्या चर्चमध्ये बाप्तिस्मा, १० फेब्रुवारी १७१८' अशी नोंद आहे. घाईत वाचणारा म्हणेल चर्च तर डिसेंबर १७१८ ला उघडलं, नोंद खोटी. खोटी नाही, ती आपल्या १७१९ ची फेब्रुवारी आहे. यादीत '१७१८/१९' असं दोन्ही लिहायचं, परस्पर दुरुस्त करायचं नाही.

शिवाय दिवसांचा फरक. इंग्रज जुन्या (ज्युलियन) पंचांगावर, वसईचे पोर्तुगीज नव्या (ग्रेगोरियन) पंचांगावर. अठराव्या शतकात फरक ११ दिवसांचा. कॉबने नाताळला चर्च उघडलं त्या दिवशी खाडीपलीकडे ५ जानेवारी १७१९ होती, नाताळचा फराळ संपलाही असेल. पोर्तुगीज कागद आणि इंग्रजी कागद ताडताना हे विसरलं की माणूस निघण्याआधी पोचतो. सप्टेंबर १७५२ मध्ये २ तारखेनंतर थेट १४ आली, तिथून प्रश्न मिटला.

---

कोटाबाहेरचा

तांबडी_शाई, दोन भागांची कल्पना मान्य. नोंदवही, एक शंका. कॉबला १७२० मध्ये गव्हर्नर-कौन्सिलशी बिनसल्यावर काढून टाकलं आणि तो परत गेला. असा पाद्री गेल्यावर दुसरा येईपर्यंत कामं कोण करायचं? मधली वर्षं 'रिक्त' लिहायची का?

---

नोंदवही

'रिक्त' लिहा, पण रजिस्टर रिकामं नसेल याची तयारी ठेवा. चॅप्लेन नसला की कंपनीचा एखादा नोकर प्रार्थना वाचायचा आणि दफनविधीही वाचायचा. त्याचं नाव विधी करणाऱ्याच्या जागी येतं. तो पाद्री नव्हे, व्यापारी आहे. आडनावामागे 'रेव्हरंड' नाही, कंपनीच्या नोकरांच्या यादीत नाव सापडतं आणि बाप्तिस्मे-लग्नांपेक्षा दफनंच जास्त, या तीन खुणा दिसल्या की ओळखावं. लष्करी छावण्यांत हेच काम अंमलदार करायचा.

दीक्षित माणूस आहे की नाही याची खात्री इंग्लंडातून करायची. १८३५ पर्यंतच्या दीक्षा इंग्लंडच्या पाद्र्यांच्या ऑनलाइन कोशात आहेत, १५४० पासूनच्या. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या विद्यार्थ्यांचे छापील कोश त्याला पूरक. क्रॉकफर्डची डिरेक्टरी १८५८ पासून. तिच्यात माहिती पाद्र्याने स्वतः भरून दिलेली असते, त्यामुळे पदवी मोठ्या अक्षरात आणि अडचणीची वर्षं गायब.

---

मोरपीस

वाचतेय. एक बाळबोध प्रश्न विचारू का? नावामागे कधी डीकन, कधी प्रीस्ट, कधी चॅप्लेन, कधी आर्चडीकन. चढत्या पायऱ्या आहेत का या?

---

तांबडी_शाई

बाळबोध नाही, इथेच भलेभले घसरतात. दोन वेगळ्या शिड्या आहेत.

एक दीक्षेची: डीकन, प्रीस्ट, बिशप. तीनच पायऱ्या. प्रार्थनापुस्तकाच्या नियमाने डीकनला वय २३, प्रीस्टला २४, बिशपला ३०. डीकन आणि प्रीस्ट यांत साधारण वर्षाचं अंतर. डीकनला उपदेश करता येतो, प्रीस्ट नसेल तेव्हा बाप्तिस्मा देता येतो, पण प्रभुभोजनाचा मुख्य विधी आणि पापक्षमेचं वचन त्याचं काम नाही. म्हणून एखाद्या चर्चमध्ये दोन वर्षं एकटा डीकनच दिसला तर प्रभुभोजनाला बाहेरून कोणीतरी येत असणार. ते नाव शोधा.

दुसरी शिडी पदांची: असिस्टंट चॅप्लेन, चॅप्लेन, आर्चडीकन, कॅनन. हे हुद्दे आहेत, दीक्षा नव्हेत. आर्चडीकन नावात डीकन असला तरी तो प्रीस्ट असतो आणि बिशपच्या वतीने कारभार बघतो. १८१३ च्या सनदेने सगळ्या हिंदुस्थानला एक बिशप आणि तीन आर्चडीकन दिले. बिशपला वर्षाला ५,००० पौंड, आर्चडीकनला २,०००. मुंबईचे पहिले आर्चडीकन जॉर्ज बार्न्स. १८१५ ची बॉम्बे एज्युकेशन सोसायटी त्यांचीच.

'ॲक्टिंग' आणि 'ऑफिशिएटिंग' हे शब्द गाळू नका. मूळ माणूस रजेवर विलायतेला आहे आणि पद त्याच्याच नावावर आहे, असा त्याचा अर्थ. गाळलं की एका पदावर एकाच वर्षी दोन माणसं बसतात.

---

दप्तरदार

त्याला जोडून बिशपांच्या सहीबद्दल. ॲंग्लिकन बिशप सही करताना आडनाव लिहीत नाही, स्वतःच्या नावापुढे धर्मप्रांताचं नाव लिहितो. बिशप हेबर यांची सही 'रेजिनाल्ड कलकत्ता'. एडविन जेम्स पामर यांची 'ई. जे. बॉम्बे'. ऑनलाइन सूची बनवणाऱ्यांनी इमानेइतबारे आडनावाच्या रकान्यात 'बॉम्बे' भरलेलं असतं. बॉम्बे आडनावाचं घराणं शोधत बसू नका.

सही कोणाची हे वर्षावरून ठरवता येतं. मुंबईचे बिशप: थॉमस कार १८३७ ते ५१, जॉन हार्डिंग १८५१ ते ६९, हेन्री डग्लस १८६९ ते ७५, लुई मिल्न १८७६ ते ९७, जेम्स मॅकार्थर १८९८ ते १९०३, वॉल्टर पिम १९०३ ते ०८, पामर १९०८ ते २९, रिचर्ड अ‍ॅकलंड १९२९ ते ४७, विल्यम लॅश १९४७ ते ६१. १८३७ पूर्वी मुंबईत बिशपची सही दिसली तर ती कलकत्त्याच्या बिशपची आणि दौऱ्यावरची. हेबर १८२५ मध्ये इकडे आले तेव्हा पुण्याच्या सेंट मेरीज चर्चचा समर्पणविधी त्यांनीच केला.

कार हे मात्र दोनदा येतील, कारण बिशप होण्याआधी ते मुंबईतच चॅप्लेन आणि मग आर्चडीकन होते. बाकीचे बिशप चर्चच्या पाद्र्यांच्या यादीत घालू नयेत. कॅथीड्रलमध्ये बिशपचं आसन असतं, पण रोजच्या लग्न-दफनाची जबाबदारी तिथल्या चॅप्लेनची.

---

मिशन_कंपाउंड

या धाग्यात अजून एक भिंत घालायला हवी, सरकारी चॅप्लेन आणि मिशनचे पाद्री यांच्यामध्ये. पहिल्याचा पगार हिंदुस्थानच्या तिजोरीतून, कळप गोरे अधिकारी आणि सैनिक. दुसऱ्याचा पगार एसपीजी (सोसायटी फॉर द प्रोपगेशन ऑफ द गॉस्पेल) किंवा सीएमएस (चर्च मिशनरी सोसायटी) या संस्थांकडून, काम देशी भाषेत. दोघे एकाच बिशपचे, पण कागद वेगळ्या घरात. सीएमएसचं दप्तर बर्मिंगहॅम विद्यापीठात, एसपीजीचं ऑक्सफर्डला बॉडलियनमध्ये. एन/३ मध्ये नाव मिळालं नाही म्हणजे माणूस नव्हता असं नाही.

पुण्यात हे एका फेरफटक्यात दिसतं. कॅम्पातलं सेंट मेरीज सरकारी चॅप्लेनचं. पंचहौदचं पवित्र नाम देवालय मिशनचं. १८९० च्या ज्या चहाने टिळक-रानड्यांना ग्रामण्याला (जातबहिष्काराच्या वादाला) तोंड द्यावं लागलं, तो चहा याच पंचहौद मिशनमधला. गावाच्या इतिहासात ही जागा इतकी ठळक, तरी चॅप्लेनांच्या यादीत तिथलं कोणी सापडणार नाही.

मुंबईतलं उदाहरण जॉर्ज कँडी. मोल्सवर्थच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशाला मदत करणारे थॉमस आणि जॉर्ज हे जुळे कँडी बंधू. मराठीत विरामचिन्हं रुळवली ती मेजर थॉमसने. जॉर्जने लष्कर सोडून दीक्षा घेतली आणि मुंबईत युरेशियन मुलांसाठी इंडो-ब्रिटिश इन्स्टिट्यूशन काढली. आडनाव एक, काळ एक, शहरही तेच. 'कँडी' एवढंच लिहिलेली नोंद दिसली तर 'रेव्हरंड' आहे की 'मेजर' आहे हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

देशी पाद्र्यांच्या नावांचं तर विचारू नका. नीळकंठशास्त्री गोऱ्हे बाप्तिस्म्यानंतर नेहेम्या. इंग्रजी कागदांत ते गोरे, गोरेह, कधी नुसते 'फादर गोरेह'. शोधताना आडनावाची तीन-चार रूपं आधीच लिहून ठेवावीत आणि बाप्तिस्म्याआधीचं नाव वेगळ्या रकान्यात द्यावं. संस्कृत पंडित म्हणून ज्यांची कीर्ती होती त्यांना 'नेटिव्ह क्लर्जी' या मथळ्याखाली शोधावं लागतं, हा त्या काळाचा नमुना.

---

मोरपीस

धन्यवाद, आता डोक्यात बसलं. १९४८ नंतरच्या सह्या कुठे शोधायच्या?

---

नोंदवही

१८७२ पासूनच सांगतो, मग १९४८ चा प्रश्न आपोआप सुटतो.

१८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा आला आणि ॲंग्लिकन पाद्र्याला ठरीव नमुन्यातलं विवाह रजिस्टर ठेवणं बंधनकारक झालं. दर तिमाहीची विवरणपत्रं दोन प्रतींत, सहीनिशी, आर्चडीकनच्या निबंधकाकडे; तिमाही संपल्यापासून दोन आठवड्यांत. तिथून एक प्रत सरकारी महानिबंधकाकडे. मूळ वही चर्चमध्येच. म्हणजे लग्नाच्या बाबतीत एका सहीचे तीन साक्षीदार. एक वाळवीने खाल्ला तरी दोन उरतात. बाप्तिस्मा आणि दफनाला ही सोय नाही, म्हणून १८७२ नंतर कणा विवाह रजिस्टराचा धरावा.

१९४७-४८ मध्ये सरकारी चॅप्लेनांचं खातं बंद झालं, लंडनला नकला जाणं थांबलं. त्यापुढे आधार चर्चची वही आणि धर्मप्रांताची कागदपत्रं. वेस्ट्रीत (चर्चच्या कचेरीच्या खोलीत) जाऊन वही पाहायची तर आधी पत्र द्या, कोणतं वर्ष आणि कोणता विधी ते लिहून. 'सगळं दाखवा' म्हटलं की काही मिळत नाही. अलीकडच्या वह्यांत हयात कुटुंबांचे तपशील असतात, तिथून फक्त पाद्र्याचं नाव आणि तारीख उतरवा.

पदनामांकडेही लक्ष असू द्या. १ मार्च १९३० ला चर्च ऑफ इंडिया, बर्मा अँड सिलोन. फाळणीनंतर त्यात पाकिस्तान जोडलं गेलं. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. तेव्हा ॲंग्लिकनांबरोबर इतर पंथही आले आणि पाद्र्यासाठी 'प्रेस्बिटर' हा शब्द रूढ झाला. १९७० च्या अलीकडे 'चॅप्लेन' शोधलं तर हाती शून्य. उलट १८५० च्या माणसापुढे 'प्रेस्बिटर' लिहिलेलं असेल तर ती यादी कोणीतरी नंतर एकसारखी करून ठेवलेली आहे.

---

दप्तरदार

तर मग नमुन्याची पहिली ओळ टाकतो, तपासा.

रिचर्ड कॉब. पद: कंपनीचा चॅप्लेन, मुंबई. आगमन: १७१४. पहिली व शेवटची सही: एन/३ पाहून भरायची. पद सुटलं: १७२०, बडतर्फ. शेरा: चर्चच्या हकिकतीचं त्याचं पुस्तक १७६६ मध्ये छापलं गेलं. चर्चचं नाव: सेंट थॉमस.

---

तांबडी_शाई

शेवटचा रकाना बदला. सेंट थॉमस हे नाव १८१६ च्या समर्पणविधीपासूनचं. कॉबच्या वेळी ते नुसतं 'बॉम्बे चर्च', त्याच्या पुस्तकाचं नावही तेच. आणि पुस्तक घटनेनंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने छापलंय, लिहिणारा स्वतः बडतर्फ झालेला. वर्गणीची पत्रं त्यातून बिनधास्त घ्या, भांडणाची हकिकत कौन्सिलच्या नोंदींशी लावून मगच.

---

दप्तरदार

बदललं. एन/३ चा पहिला खंड कोण घेतंय? १७०९ ते १७२० एवढाच तुकडा आधी करू, दफनाच्या पानांपासून.